उत्तरेकडच्या अंगणात फुलझाडं का फुलत नाहीत

ताई, तुमचा प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून बघितले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. पुण्यात दुमजली रो हाउस, घर उत्तरमुखी, समोर २५ बाय १० फुटांचा मातीचा पट्टा. गेल्या एप्रिलमध्ये नर्सरीतून मोगरा, हायब्रीड जास्वंद, गुलाब, अनंत, कुंती अशी रोपं आणली, गेटजवळ शेवंतीच्या कुंड्या ठेवल्या. आणली तेव्हा झाडं फुलांनी लगडलेली होती, आता दिवाळी होऊन गेली तरी नुसती पानं. जास्वंदीच्या कळ्या गळतात, अनंत पिवळा पडलाय, शेवंतीला कळी नाही. शेणखत, बोनमील (हाडांचा चुरा), डीएपी हे रासायनिक खत, केळ्याच्या सालीचं पाणी सगळं घालून झालं, आणि माळीकाका महिन्यातून एकदा येऊन सगळी झाडं गोल कापून जातात. आता अजून कुठलं खत घालू, असं तुम्ही विचारलंय.

खत आता काहीच घालू नका. तुमच्या झाडांना खाणं कमी पडलेलं नाही, पानं बघितली तर कळतं, अनंत सोडून बाकीची काळोखी हिरवी आणि लांबलचक झालीत, म्हणजे नत्र भरपूर मिळालंय. अडचण दोन ठिकाणी आहे, ऊन आणि कात्री. मी इतकी वर्षं लोकांच्या बागा सांभाळतोय आणि "झाड वाढतंय पण फुलत नाही" या तक्रारीत बहुतेक वेळा याच दोनपैकी एक कारण निघतं, तुमच्याकडे दोन्ही एकत्र आलीत.

आधी उन्हाचं सांगतो कारण ते एकदा कळलं की अर्ध्या झाडांच्या जागा आपोआप ठरतात. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे ४८ अंशांच्या आसपासच चढतो. घराची उंची २० फूट धरली तर दुपारी १८ फूट सावली उत्तरेकडे पडते. तुमचा पट्टा आहे १० फुटांचा, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत तिथे थेट ऊन जवळजवळ नाहीच. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ही सावली साधारण साडेसहा-सात फुटांवर येते, म्हणजे कंपाउंडच्या कडेच्या ३ फुटांना ऊन मिळायला लागतं. एप्रिलच्या मध्याला सावली ३ फुटांवर. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेलाच असतो, तेव्हा तुमच्या भिंतीला चिकटलेल्या झाडालाही ऊन लागतं. नंतर सगळं उलट्या क्रमाने, सप्टेंबरच्या शेवटी परत कडेचे ३ फूट.

तुम्ही झाडं एप्रिलमध्ये लावलीत, तेव्हा पट्टा उन्हाने भरलेला दिसला असणार, आणि "आमच्याकडे ऊन भरपूर आहे" असं वाटणं साहजिक आहे. म्हणून मी कुणालाही सांगतो की बाग आखायची असेल तर डिसेंबरात दुपारी १२-१ वाजता अंगणात जाऊन सावलीची रेघ खडूने आखून ठेवा, मग परत मार्चअखेर आखा. या दोन रेघांइतकी उपयोगी माहिती कुठल्याच नर्सरीत मिळत नाही. तुम्ही यंदा हे कराच.

आता नर्सरीतून आणलं तेव्हा फुलं कशी होती, तर ती रोपं पूर्ण उन्हात, छोट्या पिशवीत, मुळं कोंडलेल्या अवस्थेत वाढलेली असतात, अशा रोपाला फूल लवकर येतं. काही ठिकाणी रोप बुटकं राहून भरगच्च फुलावं म्हणून वाढ रोखणारी औषधंही देतात, कोकणात आंब्याला कल्टार देतात त्याच जातीतली. त्याचा परिणाम काही महिन्यांनी ओसरतो आणि रोप एकदम लांब सुटतं. म्हणजे पहिला बहर तुम्हाला फुकट मिळालेला होता, त्याच्यावरून झाडाचं वागणं ठरवू नका. अजून एक, आंध्रातल्या कडियमहून येणाऱ्या बऱ्याच रोपांच्या बुंध्याला चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच जमिनीत पुरला तर बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा असं होतं. तुमच्या जास्वंदीपैकी एक रोप हलवून बघा, बुंधा डुगडुगत असेल तर मुळं अजून त्या गोळ्यातच आहेत असं समजा. फेब्रुवारीच्या शेवटी थंडी गेल्यावर ते काढून गोळा पाण्यात भिजवायचा, बाहेरची माती बोटांनी सोडवायची आणि परत लावायचं. आत्ता थंडीत नको.

आता कात्री. माळीकाकांची चूक नाही, सोसायट्यांमध्ये लोकांना गोल गरगरीत झाडंच आवडतात आणि त्यांना तेच सांगितलेलं असतं. पण फुलझाडाला फूल नेमकं कुठे येतं हे बघितल्याशिवाय कात्री लावली की कळ्यांच्या जागाच जातात. मोगऱ्याच्या नव्या फुटीचा शेंडा जवळून बघा, टोकाला बहुतेक ३ कळ्यांचा गुच्छ असतो, मधली कळी मोठी, ती आधी उमलते, मग बाजूच्या दोन. म्हणजे मोगऱ्याला कळी येते ती ताज्या फुटीच्या अगदी टोकाला. जास्वंदीला टोकाजवळच्या पानांच्या बेचक्यात येते. गुलाबाला नव्या फुटीच्या टोकाला. कुंतीला शेंड्यांना गुच्छ. आता दर महिन्याला सगळीकडून दोन-दोन इंच कापत गेलं तर झाड बिचारं नवीन फूट काढतं, ती कळी धरायच्या आत परत कापली जाते. वर्षभर हेच. त्यामुळे पहिलं काम, काकांना सांगा की महिन्याची गोल कटिंग बंद. त्यांचा महिन्याचा वेळ तण काढायला, आळी मोकळी करायला, पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) बघायला वापरा, कामाची माणसं असतात ती, फक्त नीट सांगायला पाहिजे.

पण कापायचंच नाही असंही नाही बरं का. हीच झाडं वर्षातून एकदा-दोनदा योग्य वेळी जोरात छाटली की नवीन फुटी एकदम निघतात आणि सगळ्या फुटींवर एकाच वेळी कळ्या येतात, बहर म्हणतात तो असा येतो.

मोगऱ्याचं सविस्तर सांगतो, कारण मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी दारात मोगरा फुललेला असणं यासारखं सुख नाही आणि ते तुम्हाला मिळावं असं मनापासून वाटतं. तुमचे मोगरे सध्या भिंतीपासून ४ फुटांवर दिसतायत, ते कंपाउंडच्या कडेच्या ३ फुटांत न्यायला लागतील. हलवण्याचं काम छाटणीच्या वेळीच करा. त्याआधी झाडाला विश्रांती द्यायची. डिसेंबरच्या शेवटी-शेवटी पाणी कमी करत आणा आणि मग ३ आठवडे जवळजवळ बंद करा. पानं पिवळी पडतील, गळतील, घाबरू नका. पूर्ण उन्हातल्या बागेत मी डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला छाटणी घेतो, पण तुमच्याकडे ऊनच मार्चमध्ये येणार असल्यामुळे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात घ्या, नाहीतर कोवळी फूट सावलीत निघून लांब आणि किडकी होईल. जमिनीपासून दीड फुटावर सगळ्या फांद्या कापायच्या, सुकलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या मुळापासून काढायच्या, उरलेली पानंही हाताने ओरबाडून टाकायची. जे लोक पहिल्यांदा करतात त्यांचा हात थरथरतो, झाड नुसती काटकी दिसतं. छाटून झालं की मातीच्या गोळ्यासकट उचलून नवीन जागी लावा, दोन झाडांत ३ फूट अंतर, प्रत्येकाला एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, आणि मग भरपूर पाणी. हलवलेलं असल्यामुळे यंदा बहर थोडा उशिरा, एप्रिलच्या मध्यापासून धरा, पुढच्या वर्षी आधी येईल. एक बहर संपला की फुलं आलेल्या काड्या दोन-तीन पेरं खाली कापायच्या, पुढची फूट निघते, असे पावसाळ्यापर्यंत दोन-तीन बहर मिळतात. कळ्या जांभळट पडून त्यांना बारीक भोक दिसलं तर ती कळी पोखरणारी अळी, अशा कळ्या तोडून पिशवीत बांधून टाकायच्या, झाडाखाली पडू द्यायच्या नाहीत.

जास्वंदीच्या कळ्या गळण्याला एकच कारण नसतं. उद्या सकाळी खाली पडलेल्या पाच-सहा कळ्या उचला, ब्लेडने उभ्या चिरा आणि पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, सुईच्या टोकाएवढे किडे पळताना दिसले तर फुलकिडे. आत पांढरट अळ्या वळवळताना दिसल्या तर कळीमाशी. आत काहीच नाही, कळी स्वच्छ आहे आणि फक्त देठाशी पिवळी पडलीय, तर पाणी किंवा ऊन. किडे असतील तर पडलेल्या कळ्या रोज गोळा करून टाकणं हा अर्धा उपाय आहे, कारण त्या अळ्या कळीतून मातीत उतरतात आणि परत वर येतात. बाकी अर्धा म्हणजे कडुनिंबाचं तेल, १ लिटर पाण्यात ५ मिली, त्यात भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब घालून आधी नीट फेटायचं, नाहीतर तेल वर तरंगतं, आणि ऊन उतरल्यावर फवारायचं, ७-८ दिवसांनी परत. तुमच्या तिसऱ्या फोटोत पानाच्या देठापाशी पांढरं कापसासारखं दिसतंय ते पिठ्या ढेकूण. त्याच्यासाठी आधी पाइपने जोरात पाणी मारून धुवून काढा, आणि बुंध्यावर मुंग्यांची रांग आहे का बघा. मुंग्या त्या ढेकणांचा गोड चिकटा खातात आणि त्यांना फांदीफांदीवर नेऊन सोडतात, मुंग्या थांबल्या नाहीत तर फवारणी कितीही करा, पुढच्या पंधरवड्यात परत तेच.

हायब्रीड जास्वंदीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. मोठमोठी दुरंगी फुलं नर्सरीत फार मोहात पाडतात पण ती झाडं नाजूक असतात, ऊन कमी झालं, पाणी पुढेमागे झालं की आधी कळ्या टाकतात. आपली साधी लाल गावठी जास्वंद, एकेरी पाकळ्यांची, ती मात्र कुठेही तग धरते, रोज गणपतीला फूल देते. तुमच्या शेजारीपाजारी कुणाकडे असेल तर जूनमध्ये पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी मागून आणा, खालची पानं काढून मातीत खोचा, पावसात सहज लागते. हायब्रीड तीनपैकी जी दोन भिंतीजवळ आहेत ती मोठ्या कुंडीत घालून गच्चीवर न्या. फोटोत गच्ची पूर्ण रिकामी दिसतेय, आणि हिवाळ्यात तुमच्या घरातलं सगळ्यात चांगलं ऊन तिथेच आहे. छाटणी आत्ता नको, थंडीत जास्वंद नवीन फूट जोरात काढत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी एक तृतीयांश छाटा, दोन-अडीच महिन्यांत फुलं सुरू होतील.

गुलाब चारही गच्चीवर. यात दुसरा विचारच करू नका. गुलाबाचा आपल्याकडचा खरा हंगाम थंडीतला आणि तुमच्या पट्ट्यात थंडीत ऊन नाही, मग तिथे तो कितीही जपला तरी फुलणार कसा? छाटणी पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात करतात, साधारण ४५ दिवसांनी फुलं येतात. यंदा उशीर झालाय तरी या आठवड्यात करून घ्या, जानेवारीत फुलं बघाल. १२ ते १४ इंची कुंडी घ्या. कापताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) वर पाव इंचावर तिरका काप, आणि कापलेल्या टोकाला कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावा, नाहीतर काडी वरून काळी पडत खाली सुकत येते. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून जी सरळसोट, पोपटी, वेगळ्याच पानांची फूट येते ती मूळ रानगुलाबाची, ती मुळाशी उकरून ओढून काढायची. तुमच्या फोटोतल्या उजवीकडच्या गुलाबाला मला तीच वाढलेली दिसतेय, म्हणून तो एवढा उंच झालाय आणि फुलत नाहीये.

शेवंतीचं कारण मात्र वेगळंच आहे आणि ते तुमच्या फोटोतच दिसलं. गेटवर रस्त्याचा दिवा आहे, बरोबर त्या कुंड्यांच्या डोक्यावर. शेवंती कळी धरते ती रात्र लांब झाली की. मधल्या अंधारात उजेड आला की झाडाला रात्र छोटीच वाटते आणि ते नुसतं वाढत राहतं. शेवंतीचे शेतकरी हंगाम पुढे ढकलायचा असेल तर मुद्दाम रात्री शेतात बल्ब लावतात ते याचसाठी. मी अशाही बागा बघितल्यात की एकाच वाफ्यात दिव्याकडची शेवंती हिरवीगार आणि पाच-सात फुटांवर अंधारातली फुलून पिवळी झालेली. कुंड्या आजच गच्चीवर न्या, रात्री जिथे लाइट लागत नाही अशा कोपऱ्यात, दिवसा ऊन पाहिजे. अजून वेळ गेलेली नाही, जानेवारीत फुलं येऊ शकतात. फुलून संपल्यावर फेब्रुवारीत बुंध्यापासून ३-४ इंचांवर कापा, कडेने ज्या काश्या (बुंध्यालगतचे नवे कोंब) फुटतात त्या सोडवून जूनमध्ये नवीन लावा, जुलैमध्ये शेंडे खुडा म्हणजे झाड पसरतं, आणि १५ ऑगस्टनंतर शेंड्याला हात लावू नका. पॉइनसेटिया असेल तर त्यालाही रात्री असाच अंधार लागतो.

मग आता रिकाम्या होणाऱ्या पट्ट्यात काय लावायचं? सावली म्हणजे फुलं नाहीत असं अजिबात नाही. भिंतीजवळच्या ४ फुटांत अबोली लावा. अबोलीला कडक दुपारचं ऊन नकोच असतं, मोकळा उजेड पुरतो, आणि थोडी काळजी घेतली तर वर्षातले बहुतेक महिने ती कणसं धरत राहते. फुलं संपलेलं कणीस देठासकट काढायचं म्हणजे नवीन येतं, एखादं दुसरं तसंच ठेवा, वाळलेल्या कणसावर पाणी पडलं की बिया टक्कन फुटून लांब उडतात आणि पावसाळ्यात रोपंच रोपं उगवतात, लहान मुलांना हे दाखवा, फार आवडतं. दिल्ली अबोली म्हणून गडद शेंदरी मिळते तिला बी धरत नाही, ती फांदीनेच करावी लागते. अबोली एकाएकी मरगळून गेली तर उपटून मुळं बघा, मुळांना गाठी असतील तर सूत्रकृमी (मुळांतले सूक्ष्म किडे), त्या जागी परत अबोली लावू नका, झेंडू लावा आणि निंबोळी पेंड मिसळा. अबोलीच्या मागे डबल तगर, तिला अर्धी सावली चालते आणि पांढरी फुलं अंधाऱ्या कोपऱ्यात उठून दिसतात.

नळाजवळची जी जागा कायम ओली राहते तिथे सोनटक्का लावा, त्याला ओल आणि सावली दोन्ही हवं. पावसाळ्यात संध्याकाळी फुलतो, वास घरभर येतो. एका दांड्याला एकदाच फुलं येतात, म्हणून फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापून टाकायचा, कंदातून नवे येतात. लोक ते जुने पिवळे दांडे वर्षभर ठेवतात आणि मग म्हणतात सोनटक्का माजला पण फुलत नाही. कर्दळीलाही हेच. मधल्या भागात भुईचाफ्याचे आणि मे महिन्यात लाल गोळ्यासारखं फुलणाऱ्या फायरबॉल लिलीचे कंद दाबून ठेवा, दोन्ही हिवाळ्यात जमिनीवरून पूर्ण गायब होतात आणि उन्हाळ्यात, ऊन तुमच्या पट्ट्यात आलेलं असतं तेव्हाच, वर येतात. म्हणजे तुमच्या सावलीच्या महिन्यांत ते झोपलेले. फक्त जागेवर काठी रोवून खूण ठेवा, नाहीतर काका रिकामी जागा समजून खणतील.

कुंतीला आहे तिथेच राहू द्या, कंपाउंडच्या कडेला तिची जागा बरोबर आहे. ती थोडी कोरडी पडली आणि मग पाऊस झाला की आठवड्या-दोन आठवड्यांत एकदम पांढरी होते. फुलं गळून गेली की लगेच हवी तेवढी छाटा, मग परत पुढच्या बहरापर्यंत हात लावू नका.

एक झाड मी तुम्हाला आवर्जून सुचवीन, धायटी. सह्याद्रीतलं आपलं झुडूप, जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत फांद्यांवर लाल-केशरी फुलांचे झुबके लागतात आणि शिंजीर पक्षी दिवसभर त्याच्यावर असतात. पूर्वेच्या बाजूला जी ४ फुटांची गल्ली आहे तिच्या पुढच्या तोंडाशी सकाळचं ऊन येत असणार, तिथे लावा. पण याची छाटणी मोगऱ्याच्या अगदी उलट. हिला फुलं येतात ती पावसाळ्यात वाढून पक्की झालेल्या फांद्यांवर, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छाटली की त्या वर्षीची फुलं गेली. एप्रिल-मेमध्ये फुलं संपल्यावर छाटायची. देशी झाडं ठेवणाऱ्या नर्सरीत रोप मिळतं, जूनमध्ये लावा. तिच्या शेजारी निळी-जांभळी कोरांटी, ती पावसाळा संपल्यावर फुलते, काहीही मागत नाही. घाणेरी मात्र कितीही रंगीत दिसली तरी लावू नका, तुमच्या घराच्या मागेच टेकडी दिसतेय, पक्षी बिया तिकडे नेतात आणि टेकडीवर आधीच ती हवी त्यापेक्षा फार जास्त आहे.

तुम्ही लिहिलंय की नात ३ वर्षांची आहे आणि कण्हेर लावायचा विचार आहे. कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्ही झाडं मुळापासून फुलापर्यंत विषारी आहेत, बिट्टीच्या बिया तर फारच. मूल हाताशी असेपर्यंत नकोच. त्या रंगासाठी दुसरी पन्नास झाडं आहेत.

आता अनंत. हा सगळ्यात शेवटी ठेवला कारण यात घाई करून चालत नाही. त्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतायत, म्हणजे लोह मिळत नाहीये. जमिनीत लोह नसतं असं नाही, पण माती चुनखडीची असली की ते झाडाला घेता येत नाही. आपली काळी माती आधीच तशी, बोअरचं पाणी जड, आणि नवीन रो हाउसच्या अंगणात वरच्या वीतभर मातीखाली बांधकामाचा राडारोडा असतो, सिमेंट, चुना, विटांचे तुकडे. भिंतीला लागून तर हमखास. तुमचा अनंत नेमका भिंतीला लागून आहे. त्यात डीएपी घातलं, डीएपीत ४६ टक्के स्फुरद असतं, आणि स्फुरद जास्त झालं की लोह आणखी अडकतं. बोनमील तर अशा मातीत विरघळतच नाही, पैसे मातीत जातात. केळ्याच्या सालीचं पाणी घालून काही बिघडत नाही पण फुलंही येत नाहीत, चिलटं येतात. सालं कंपोस्टमध्ये टाका, तिथे त्यांचा उपयोग होतो.

अनंताला त्या जागेवर वाचवत बसू नका, काढून १४ इंची कुंडीत घ्या. लाल माती दोन भाग, चांगलं कुजलेलं पानांचं खत एक भाग, कोकोपीट एक भाग. कुंडी अशा जागी ठेवा की सकाळचं ३-४ तास ऊन मिळेल, गल्लीचं पूर्वेचं तोंड चालेल किंवा गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला. जमलं तर पावसाचं साठवलेलं पाणी द्या, नाहीतर नळाचं, बोअरचं शक्यतो नको. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला की क्षार साठतायत, एकदा भरपूर पाणी सोडून खालून वाहून जाऊ द्या. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट), १ लिटर पाण्यात २ ग्रॅम, त्यात लिंबाचे चार-पाच थेंब पिळून लगेच फवारायचं, संध्याकाळी, दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा. फरशीवर उडू देऊ नका, गंजासारखे डाग पडतात आणि जात नाहीत. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं) घ्या, पण पाकिटावर बांधणाऱ्या पदार्थाचं नाव ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, ईडीटीए वालं स्वस्त मिळतं पण चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही. एक्झोरा लावायची इच्छा असेल तर तिलाही अशीच कुंडी आणि असंच पाणी लागेल, जमिनीत लावू नका.

फवारल्यावर आठ-दहा दिवसांनी शेंड्याची नवीन दोन पानं बघा. ती हिरवी निघाली तर काम झालं, खालची पिवळी झालेली सगळी परत हिरवी होतीलच असं नाही, काही तशीच गळतील, त्यांच्याकडे बघून औषधाचं प्रमाण वाढवू नका. नवीन पानंही पिवळीच आली तर कुंडीतून झाड काढून मुळं कशी आहेत, पांढरी की तपकिरी आणि मऊ, याचा फोटो टाका, मग पुढचं सांगतो.